चारही बाटल्या सारख्या भरल्या, तरी इंजिन तापतच होतं

पार्श्वभूमी

दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर असलेल्या एका वैमानिक प्रशिक्षण केंद्रातलं हे प्रकरण. मी तिथे विमान देखभाल अभियंता होतो, आमच्या बोलीत एएमई. केंद्राचं, माणसांचं नाव आणि विमानाचा नोंदणी क्रमांक मुद्दाम दिलेला नाही. चुका बऱ्याचशा आमच्याच होत्या आणि त्यातल्या दोन माझ्या.

विमान सेसना १७२ एस. इंजिन लायकमिंग आयओ-३६०-एल२ए, चार सिलिंडर, १८० अश्वशक्ती, हवेनं थंड होणारं. याला कार्बुरेटर नाही. फ्युएल सर्वो नावाचं यंत्र आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेतं आणि त्या मानानं इंधन सोडतं. ते पुढे डिव्हायडरमधून चार बारीक नळ्यांत वाटलं जाऊन चार नॉझलमधून सिलिंडरांकडे जातं. वैमानिकाच्या हातात दोन दांडे: काळा थ्रॉटल आणि लाल मिक्श्चर. लाल दांडा पूर्ण आत म्हणजे फुल रिच (हवेच्या मानानं इंधन जास्त), बाहेर ओढत गेलं की लीन (इंधन कमी), आणि पूर्ण बाहेर ओढला की इंधन बंद, इंजिन बंद.

या इंजिनाला थंड ठेवायला दोन गोष्टी लागतात. एक हवा: पुढच्या दोन तोंडांतून शिरते, पत्र्याचे बॅफल आणि त्यांच्या कडांवरच्या रबरी पट्ट्या तिला इकडेतिकडे पळू देत नाहीत, आणि ती सिलिंडरांच्या पंखांमधून, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या पातळ धातूच्या पात्यांमधून, वरून खाली उतरते. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द इंधन. पूर्ण ताकदीवर इंजिनाला जाळण्यापुरत्यापेक्षा जास्त इंधन दिलं जातं. त्या जादा इंधनामुळे ज्वलन जरा संथ होतं, सिलिंडरमधला कमाल दाब उशिरा आणि कमी येतो आणि हेडला कमी उष्णता पोचते. बुलेट लीन झाली की का तापते, हे कुठल्याही जुन्या गॅरेजवाल्याला विचारा. गणित तेच आहे. फरक इतकाच की बुलेट रस्त्याच्या कडेला लावता येते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या विमानाचं १०० तासांचं चेक झालं. सर्वोच्या बुडाशी निळे डाग दिसले. एव्हगॅस १०० एलएलला निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे गळती लपत नाही. सर्वो काढला, ओव्हरहॉल होऊन आलेला दुसरा बसवला. साहजिकच थ्रॉटल आणि मिक्श्चर, दोन्हींच्या केबल सोडून पुन्हा जोडल्या. काम एकानं केलं, दुसऱ्यानं तपासलं, दोघांच्या सह्या झाल्या. हे पुढे लागणार आहे.

अडचण

विमान साधारण ११ तास उडालं आणि पहिला स्नॅग, म्हणजे वैमानिकानं लिहिलेली तक्रार, आला: चढताना तिसऱ्या सिलिंडरचं हेड टेंपरेचर, म्हणजे सीएचटी, ४६० अंश फॅरनहाइट.

या इंजिनाची सीएचटीची मर्यादा ५०० आहे, तेव्हा मर्यादा ओलांडलेली नव्हती. पण सिलिंडर दीर्घकाळ टिकावेत तर सलग उड्डाणात ४३५ च्या आत राहा, असं इंजिन बनवणारेच सांगतात. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ४०० च्या पुढे त्याची ताकद भराभर उतरते. ४६० हा आकडा 'चालतंय की' म्हणण्यासारखा नव्हता.

आम्ही काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं. तिसरा सिलिंडर उजवीकडचा, मागचा. त्याच्या मागच्या बॅफलवरची रबरी पट्टी मागे दुमडलेली होती. तिथून हवा सिलिंडरला वळसा घालून सटकत होती. कारण मिळालं, पट्टी सरळ केली, ग्राउंड रन घेतला, विमान सोडलं. दोन तासांत काम फत्ते.

तीन दिवसांनी दुसरा स्नॅग. एका प्रशिक्षक मॅडमनी तो लिहिला होता आणि नीट लिहिला होता: तिसरा सिलिंडर ४७१, बाकीचे ४४० च्या आसपास, टेकऑफला फ्युएल फ्लो, म्हणजे इंधनाचा प्रवाह, ताशी १४ गॅलनच्या खाली. आम्ही त्यातलं पहिलं वाक्य वाचलं.

एखाद्या सिलिंडरचं नॉझल अर्धवट तुंबलं तर तो एकटा लीन होऊन तापतो. म्हणून चारही नॉझल काढून साफ केली आणि बाटल्यांची चाचणी घेतली. ही चाचणी बघायला मजेशीर असते. नळ्यांना लावलेली नॉझल सिलिंडरमधून बाहेर काढून चार सारख्या काचेच्या बाटल्यांत सोडायची, दोन्ही दांडे आत ढकलायचे, इलेक्ट्रिक पंप ठरावीक वेळ चालवायचा आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. आमच्या चारही बाटल्या एका रेषेत भरल्या. सगळे खूश झाले, मीसुद्धा.

खूश व्हायचं कारण नव्हतं. बाटल्या फक्त वाटणी समान आहे का ते सांगतात. इंजिन बंद असताना सर्वोतून हवा वाहत नसते, त्यामुळे पूर्ण ताकदीला एकूण इंधन किती यायला हवं होतं आणि किती येतंय, यावर ही चाचणी एक शब्दही बोलत नाही. चौघांना सारखंच कमी मिळत असेल तरी बाटल्या सारख्याच भरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला टेस्ट फ्लाइट झाली. बाहेर २४ अंश सेल्सिअस. तिसरा सिलिंडर ४३२ वर थांबला. पास.

त्याच आठवड्यात दुपारी अडीच वाजता, ४१ अंशांत, त्याच मॅडम एका विद्यार्थ्याला घेऊन निघाल्या. चढता चढता तिसरा ४८४ वर गेला. त्यांनी नाक खाली घेऊन वेग ७४ वरून ९० नॉटवर नेला, चढाई सोडली, तापमान उतरू लागल्यावर सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, येऊन उतरल्या. हँगरमध्ये आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, मी मागच्या वेळीच फ्लो लिहिला होता. वाचलात का?"

वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. परीक्षा जवळ आलेल्या, विद्यार्थ्यांचे तास राहिलेले, विमानं मोजकीच. दबाव कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण तो खोलीत होता.

पहिली सूचना अशी, की विमान फक्त सकाळी उडवू, चढताना वेग जास्त ठेवू आणि पुढच्या चेकला बघू. हे आजार तसाच ठेवून ताप मोजणं झालं, आणि तेही पहाटे.

दुसरी, सर्वो बदलू. नवा बसवल्यापासूनच हे सुरू झालं, तर दोष त्याचाच. तर्क वाईट नव्हता. पण सर्वो परत पाठवायचा म्हणजे विमान काही आठवडे जमिनीवर, आणि सर्वो निर्दोष निघाला तर नवा सर्वो बसवूनही आम्ही तिथेच.

तिसरी सूचना एका तरुण टेक्निशियनची: आयडल मिक्श्चर थोडं रिच करू. त्या स्क्रूचा असर फक्त आयडलपाशी, म्हणजे थ्रॉटल मागे ओढून इंजिन संथ चालत असताना असतो, पूर्ण थ्रॉटलला नाही. त्याला ते समजावून सांगितलं. पुढे या प्रकरणाची गाठ सोडवली ती मात्र त्यानंच.

चौथं मत आमच्या सर्वांत अनुभवी काकांचं, आणि ते खोडणं सर्वांत अवघड होतं. काका म्हणाले, "अरे, एवढ्या उन्हात फ्लो कमीच दिसणार. हवाच पातळ, तर फ्युएल कुठून जास्त येईल?" हिशेब त्यांच्या बाजूनं होता. २००० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. बाहेर ४१, म्हणजे ३० अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर धावपट्टीवर उभ्या विमानाला ५६०० फुटांवरची हवा मिळत होती. ताकद कमी, फ्लो कमी, आणि थंड करणारी हवाही गरम. सगळं एका दमात सुटत होतं.

एक गोष्ट तेवढी सुटत नव्हती. हवा जितकी पातळ होते तितक्या प्रमाणात हा सर्वो इंधन कमी करत नाही. मिश्रण उलट रिचकडे झुकतं. म्हणून तर उंचीवर गेल्यावर लाल दांडा ओढून हातानं लीन करावं लागतं. दोष फक्त उन्हाचा असता, तर एक्झॉस्टचं तापमान, ईजीटी, एवढं वर जायला नको होतं. ते किती वर होतं, हे मात्र तोवर कोणी पाहिलंच नव्हतं.

मी विमान ग्राउंड केलं आणि दोन दिवस मागितले. अट एकच घातली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं. तोवर आम्ही काउलिंग एकदा उघडलं की चार गोष्टी हाताळून बंद करत होतो, त्यामुळे कशानं काय झालं ते कळायचा मार्ग आम्हीच बुजवला होता.

केलेली कामं

सुरुवात पान्यानं नाही, कार्डानं केली. या विमानाचं जी१००० पॅनेल इंजिनाची सगळी मापं मेमरी कार्डावर नोंदवत असतं. आमच्याकडे अगदी याच प्रकारचं दुसरं विमान होतं, त्याच दुपारी, अर्ध्या तासाच्या अंतरानं उडालेलं. दोन्ही कार्डं काढली, जमिनीपासून ४०० फूट वर, फुल थ्रॉटल, फुल रिच, एवढाच तुकडा शेजारी ठेवला.

शेजारच्या विमानाचा फ्लो ताशी १६.१ गॅलन. आमचा १३.८. आमच्या चारही सिलिंडरांची ईजीटी शेजाऱ्यापेक्षा ९० ते ११० अंश फॅरनहाइट जास्त. सीएचटीही चारही जास्त, तिसरा सर्वांत पुढे.

काकांनी कागद दोनदा पाहिला. "ऊन तर दोघांनाही सारखंच होतं," ते म्हणाले आणि आपलं मत स्वतःच मागे घेतलं. या व्यवसायात हे फार कमी जणांना जमतं.

ही मापं वाचायची एक रीत आहे. एकाच सिलिंडरची ईजीटी आणि सीएचटी दोन्ही वर असतील तर त्याच्या नॉझलकडे किंवा इनटेक पाइपच्या गास्केटकडे बघायचं. त्यातही गास्केटमधून हवा ओढली जात असेल तर त्रास कमी थ्रॉटलला जास्त आणि फुल थ्रॉटलला जवळजवळ नाहीसा होतो. नॉझल तुंबलं असेल तर उलट, जास्त ताकदीला जास्त त्रास. सीएचटी वर पण ईजीटी खाली आली असेल तर ठिणगी लवकर पडत असल्याचा, म्हणजे मॅग्नेटोच्या टायमिंगचा संशय घ्यायचा. ईजीटी जागेवर आणि नुसती सीएचटी वर, तर बॅफल. आणि चारही ईजीटी एकदम वर, चारही सीएचटी वर, फ्लो खाली असेल, तर एकूण इंधनच कमी येतंय. आमच्याकडे हे शेवटचं चित्र होतं, आणि त्यावर तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी वेगळं दुखणं चढलेलं.

मापं खरी आहेत का, हे आधी बघायला हवं होतं. मागच्या पाच सॉर्टींत, म्हणजे उड्डाणांत, पॅनेलनं ४१.२ गॅलन खर्च दाखवला होता. त्याच काळात बाउझरमधून, म्हणजे इंधनाच्या टँकरमधून, भरलेलं इंधन १५७ लिटर, म्हणजे सुमारे ४१.५ गॅलन. फ्लो मीटर प्रामाणिक होता. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे सीएचटी प्रोब आपसात बदलले. उष्णता तिसऱ्यापाशीच राहिली, म्हणजे प्रोबही खरं बोलत होते.

मग इंधनाचा रस्ता टाकीपासून पुढे. टाकीच्या व्हेंटच्या नळीत आमच्याकडे कुंभारीण माशी हमखास मातीचं घर बांधते. व्हेंट बुजला की टाकीत निर्वात तयार होतो आणि इंधन हळूहळू आखडतं. नळी फुंकून पाहिली, मोकळी होती. गाळणी साफ, सर्वोच्या तोंडाची जाळी साफ. इलेक्ट्रिक पंप चालू करूनही फ्लो हलला नाही, तेव्हा दाब अपुरा पडत नव्हता. उन्हात नळ्यांमध्ये इंधनाची वाफ होते तेव्हा काटा नाचतो. आमचा १३.८ वर ठाम उभा होता. अडथळा होता तो स्थिर होता आणि सर्वोच्या आतच कुठेतरी होता, किंवा सर्वोला मिळणाऱ्या हुकमात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउलिंग काढून मी कॉकपिटमध्ये बसलो. तो आयडलवाला टेक्निशियन टॉर्च आणि आरसा घेऊन सर्वोपाशी, केबल जिथे मिक्श्चरचा लिव्हर फिरवते तिथे, वाकला. मी लाल दांडा आत ढकलला.

"सर, अजून ढकला."

"पूर्ण आत आहे. पॅनेलला टेकलाय."

"इथं लिव्हर स्टॉपला टेकलेला नाही. चार मिलिमीटर बाकी आहेत."

मी खाली उतरून पाहिलं. फट एवढी, की आरशाशिवायही दिसावी.

केबलचं बाहेरचं आवरण ज्या क्लँपनं धरलं जातं, तो सर्वो बदलताना जुन्या जागेपासून थोडा सरकून आवळला गेला होता. काजळीखाली जुन्या जागेची खूण अजून होती. नियम असा, की कॉकपिटमधली मूठ पॅनेलला टेकायच्या आधी लिव्हर सर्वोवरच्या रिच स्टॉपला टेकला पाहिजे. आमच्याकडे उलटं झालं होतं. वैमानिकाच्या लेखी फुल रिच, सर्वोच्या लेखी थोडं लीन.

हे नजरेतून सुटलं कसं, ते सांगण्यासारखं आहे. जोडणी लीनच्या बाजूला सरकली होती, त्यामुळे दांडा ओढल्यावर इंजिन झक्क बंद व्हायचं. बंद होताना आरपीएम थोडा चढतो, तो तपासही बरोबर यायचा, कारण आयडलला इंधन इतकं थोडं लागतं की चार मिलिमीटरची कसर तिथे अडत नाही. अडते ती फुल थ्रॉटलला, आणि जमिनीवरच्या रन-अपमध्ये आम्ही फुल थ्रॉटलला फ्लो वाचतच नव्हतो. दुसरी सही करणाऱ्यानं तपास केला होता, पण कॉकपिटमधून: दांडा आतबाहेर मोकळा सरकतो का, एवढाच. लिव्हरच्या टोकाशी त्याचे डोळे गेले नव्हते. ती दुसरी सही माझी होती.

क्लँप जागेवर आणला, लिव्हर स्टॉपला टेकवला, क्लँप आणि केबल यांच्यावर रंगाची आडवी रेघ ओढली. पुन्हा सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. या वेळी लिव्हरपाशी वाकून काकांनी तपासलं.

निष्पत्ती

टेस्ट फ्लाइट दुपारी अडीचलाच घेतली, ४० अंशांत. फ्लो १५.९. चारही ईजीटी शेजारच्या विमानाच्या रांगेत. तिसरा सिलिंडर ४३१.

४८४ वरून ४३१ म्हणजे पेढे वाटावेत असा आकडा. पण बाकीचे तीन ४०० च्या आसपास होते आणि शेजाऱ्याचा तिसरा ४१५. काहीतरी उरलं होतं. काउलिंगच्या आतल्या बाजूला रबरी पट्टी घासून काळी रेघ उमटलेली असते. ती रेघ तिसऱ्या सिलिंडरच्या मागे वीतभर गायब होती. आम्ही सरळ केलेली पट्टी काउलिंग बंद करताना दर वेळी पुन्हा मागे दुमडत होती. पहिल्या दिवशी आम्ही ती उघड्या काउलिंगमध्ये सरळ केली, समाधान मानलं आणि वर झाकण घातलं. पट्टी बदलली, तिसरा ४१२ वर आला.

इंजिनाला किती झळ लागली, हेही बघणं भाग होतं. बोरस्कोपनं, म्हणजे सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यानं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचे माथे पाहिले, कंप्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब किती धरून ठेवतात ते, मोजलं: ८० पैकी ७४, ७५, ७२, ७४. ७२ तिसऱ्याचा. काळजीचं काही नव्हतं. तेलाचा नमुना तपासायला पाठवला, त्यातही धातू वाढलेला निघाला नाही. तरी पुढच्या ५० तासांना तिसऱ्यात पुन्हा बोरस्कोप घालायचं ठरवलं आणि घातलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या स्नॅगला दिसलेलं कारण खरं होतं, आणि घोळ त्यामुळेच लांबला. दुमडलेली पट्टी खोटी निघाली असती तर आम्ही पुढे शोधलं असतं. त्या दिवशी कार्ड काढायला १० मिनिटं लागली असती आणि चारही ईजीटी वर आहेत हे तिथेच दिसलं असतं.

दुसऱ्या स्नॅगला विमान थांबवायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे. काकांचं मत वेगळं आहे: मर्यादा ओलांडली नव्हती, मग थांबवायचं कशाच्या जोरावर? त्याचं उत्तर त्या स्नॅगमध्येच लिहिलेलं होतं, फ्लोच्या आकड्यात. आम्ही 'रेक्टिफिकेशन'च्या रकान्यात नॉझलबद्दल चार ओळी लिहिल्या आणि फ्लोबद्दल एकही नाही. आता आमच्याकडे स्नॅगमध्ये जितके आकडे असतील तितक्यांना उत्तर लिहिल्याशिवाय विमान सुटत नाही.

सकाळी साडेसहाची टेस्ट फ्लाइट ही माझी दुसरी चूक. तक्रार दुपारची होती. उन्हातला दोष उन्हातच तपासायचा, हे मला कळत नव्हतं असं नाही. सकाळी वैमानिक मोकळा होता आणि विमान लवकर सोडायचं होतं, बस.

मॅडमच्या निर्णयाबद्दल मात्र दुमत नाही. त्यांनी आधी वेग वाढवला, मग चढाई सोडली. विद्यार्थी घाबरून थ्रॉटल झटकन मागे ओढायला निघाला होता, त्याचा हात त्यांनी थांबवला. उंची कमी असताना इंजिन चालतंय तोवर ताकद हातात ठेवायची, आणि तापलेलं हेड एकदम गारही करायचं नाही. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून दिवसाच्या पहिल्या सॉर्टीत ४०० फुटांवरचा फ्लो लिहायचा रकाना आम्ही टेक लॉगच्या, म्हणजे विमानाच्या नोंदवहीच्या, पानाला चिकटवला.

त्या आठवड्यात आम्ही बाकीच्या विमानांचीही काउलिंग काढून मिक्श्चरचे लिव्हर पाहिले. एकात दीड मिलिमीटर फट निघाली. त्या विमानाचा स्नॅग कोणी कधी लिहिलेला नव्हता.